परसातील ‘ग्रामप्रिया’ आणि बालकाचे ताट

बालकाच्या आहाराविषयी सल्ला देताना आपण डॉक्टर मंडळी डाळ, दूध आणि अंडी यांची नावे सहज घेतो. यांपैकी अंडे घराच्या परसातच मिळू शकते. आपल्या हैदराबादेतील राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन निदेशालयाने विकसित केलेली ‘ग्रामप्रिया’ ही संकरित कोंबडी खास परसातील पालनासाठीच आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. ग्रामप्रिया योग्य देखभालीत १५०हून अधिक देते.

हा फरक का पडतो? गावठी कोंबडी काही अंडी घातली की खुडूक बसते. २१ दिवसांची उबवणी आणि पुढे पिलांचे संगोपन, एवढा काळ तिचे अंडी देणे थांबते. संकरित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. मात्र त्यामुळेच यंत्रात उबवलेल्या तिच्या पिलांना आईची ऊब मिळत नाही. ती पालकालाच द्यावी लागते. शिवाय संकराचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून दर वेळी नवी पिले आणावी लागतात.

पहिले सहा आठवडे निर्णायक असतात. नवजात अर्भकाप्रमाणेच पिलालाही शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी व पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी उतरवावी. पिले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, दूर पळाली तर उष्णता अधिक आहे, आणि सर्वत्र विखुरली असतील तर ऊब योग्य आहे, असे समजावे. मरेक्स, राणीखेत (मानमोडी) व गंबोरो यांच्या लसी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. लसीकरणाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको!

पुढे पक्षी किडे, दाणे, भाजीचे देठ वेचून बरेचसे पोट भरतात. तरीही थोडे धान्य व शिंपल्यांचा चुरा द्यावा, कारण एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम खर्ची पडते. रात्री मांजर-मुंगसापासून सुरक्षित खुराडे हवे.

काही पथ्ये अटळ आहेत. साल्मोनेलाच्या भीतीने पाच वर्षांखालील मुलांना पक्ष्यांपासून दूर ठेवावे, इतरांनी हात साबणाने धुवावेत आणि अंडी पूर्ण शिजवूनच द्यावीत. मनाने प्रतिजैविके देऊ नयेत. कोलिस्टिनचा कुक्कुटपालनातील वापर २०१९ साली केंद्र शासनाने बंद केला, तो मानवासाठी हे औषध प्रभावी राहावे म्हणूनच. पक्षी एकाएकी मरू लागल्यास त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्यास कळवावे. २००६ साली नवापूर येथे आढळलेला बर्ड फ्लू आपल्या स्मरणात असेलच.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने, तसेच जीवनसत्त्व ब-१२ व कोलीन असते. सहा महिन्यांनंतर पूरक आहारात त्याचा समावेश करता येतो. परंतु अनेक घरांत परसातील अंडी बाजारात जातात आणि मूल त्यांपासून वंचितच राहते. म्हणून पालकांना आपण एवढेच आवर्जून सांगावे : अंडी विकण्यापूर्वी घरातल्या बालकाच्या वाट्याचे अंडे आधी बाजूला काढावे.