पासबुकाचाही काटा बघा



ऊस काट्यावर गेला की आपण निश्चिंत होतो. कायद्याप्रमाणे बिल 14 दिवसांत खात्यावर यायचे. पण पुढे पासबुक कोण बघतो? मग "बँकेनं पैसं खाल्लं" अशी ओरड आमच्या कानावर येते.

ऊसकऱ्याचे खाते हंगामात भरते, एरवी रिकामे. किमान शिल्लकीची अट असेल तिथे दंड बसतो तो याच दिवसांत. स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर 2017 या आठ महिन्यांत असा दंड सुमारे 1,772 कोटी रुपये वसूल केला. देशभर टीका झाली आणि मार्च 2020 मध्ये तिने बचत खात्यावरची ही अटच काढली.

रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना 1 एप्रिल 2015 पासून नियम घालून दिला. शिल्लक घटली तर आधी कळवावे, महिनाभराची मुदत द्यावी, तुटीच्या प्रमाणातच आकार घ्यावा आणि नुसत्या या दंडापायी खाते उणे करू नये. तसे झाले असेल तर लेखी तक्रार देऊन पोहोच घ्या. 30 दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

पण सगळा दोष बँकेवर ढकलून भागणार नाही. मोबाईलचा नंबर बदलला तरी कळवायचा नाही, खात्यात पैसे नसताना चेक द्यायचा, चार ठिकाणी खाती काढून विसरायचे, हे आपलेच दुखणे. कॅश क्रेडिटची मर्यादा ही आपली शिल्लक नव्हे, ते कर्ज आहे. उचलले की व्याज सुरू.

काट्यावरची वजनपावती आपण दोनदा वाचतो. पासबुकही तसेच वाचावे, एवढीच आमची विनंती.