ट्रान्सफॉर्मरचा खर्ज

बंगळुरूत पीण्या इंडस्ट्री मेट्रो स्थानकाचा जिना उतरून आतल्या रस्त्याला लागलं, की आधी कारखान्यांतल्या प्रेसचे ठोके कानावर येतात. दोन ठोक्यांमधलं अंतर अगदी सारखं. जरा थांबलात, तर त्यांच्याखाली आणखी एक आवाज सापडतो, रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा थरथरतो, म्हणून हा सूर १०० हर्ट्झचा. चेलोची खालून दुसरी तार मोकळी छेडली, तर ती ९८ हर्ट्झवर बोलते. वाद्यवृंदाचा खर्ज इथे रस्त्यावर चालूच असतो म्हणा ना.

अंधाऱ्या भविष्याचे चित्रपट, ज्यांना डिस्टोपियन म्हणतात, ते प्रेक्षकाच्या मनावर ताबा मिळवतात तो बहुतांशी या दोन गोष्टींनी: न थांबणारा ठोका आणि न संपणारा खर्ज.

ठोक्याचं काम समजायला आपला ठेका आठवावा. तबलजी ठेका धरतो तो गायकाला मोकळं फिरता यावं म्हणून. लय लांबवायची की आखडायची, हे गायकाच्या हाती असतं. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवलेल्या फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये हे नातं उलटं होतं. चित्रपट मूक, संगीत गॉटफ्रीड हुपर्ट्झचं, वाद्यवृंद थिएटरात प्रत्यक्ष वाजवणारा. यंत्रांच्या दृश्यांत छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि आपलं शरीर नकळत त्याच्या लयीत जातं. मग पाळी बदलते. कामावर जाणारी रांग आणि सुटलेली रांग समोरासमोर. सुटलेल्यांची पावलं निम्म्या गतीने पडतात. संगीताची चालही जड झालेली असते. कामगार दमलेत हे डोळ्यांना कळायच्या आधी आपले खांदे उतरलेले असतात. मला या चित्रपटातला हा सगळ्यात मोठा क्षण वाटतो. त्यातल्या यंत्रमानवाचं कौतुक जास्त होतं, तरीही.

चित्रीकरण चालू असताना हुपर्ट्झ सेटवर पियानोवर हे संगीत वाजवत असे. म्हणजे नटांची पावलंही त्यावरच पडली होती.

आता खर्ज. डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झची. इतका खालचा सूर छातीत आणि खुर्चीत जाणवतो, पण तो कोणत्या बाजूने येतोय हे कानाला नीट ठरवता येत नाही. भीती इथूनच सुरू होते. त्यावर अगदी जवळचा दुसरा सूर ठेवला, की आवाज चढउतार करू लागतो. शाळेत शिकलेले विस्पंद ते हेच. पीण्यातल्या त्या ट्रान्सफॉर्मरशेजारी चेलोची ती तार वाजवली, तर सेकंदाला दोन विस्पंद ऐकू येतील, १०० वजा ९८. संगीतकार बेसूर भासणाऱ्या जोड्या निवडतो त्या याचसाठी. कान त्यांची उकल व्हायची वाट पाहतो आणि संगीतकार ती उकल होऊच देत नाही.

ओळखीची धूनही कामाला येते. मृतांसाठीच्या ‘डीएस ईरे’ या मध्ययुगीन लॅटिन प्रार्थनेचे पहिले चार स्वर आपल्या भाषेत कोमल ग, रे, कोमल ग, सा. ‘मेट्रोपोलिस’मध्ये मृत्यूचा पुतळा जागा होतो तिथे हुपर्ट्झ तीच धून आणतो. युरोपच्या प्रेक्षकाला दुसरं काही सांगावं लागत नव्हतं. कामगार बंड करून उठतात तेव्हा फ्रान्सच्या राष्ट्रगीताची धून येते.

संगीतकार जेरी गोल्डस्मिथने १९६८च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’साठी वाद्यवृंदात चक्क स्टीलची स्वयंपाकाची भांडी वाजवून घेतली. ओळखीची वस्तू अनोळखी आवाजात बोलली, की जागाच परकी वाटू लागते.

‘मेट्रोपोलिस’ प्रदर्शनानंतर कापला गेला आणि मोठा भाग हरवला. २००८ साली ब्यूनोस आयर्समध्ये जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१०मध्ये जोडलेला चित्रपट बर्लिनमध्ये वाद्यवृंदासह दाखवला गेला. तुकड्यांचा क्रम लावताना हुपर्ट्झची स्वरलिपी फार उपयोगी पडली. तिच्यात जागोजागी लिहून ठेवलेलं होतं, कोणत्या सुराला पडद्यावर काय घडतं ते.