मँचेस्टरची आठ मिनिटं

समोर बसलेला माणूस कुरिअरची व्हॅन चालवतो. परवा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली. आता बरा आहे, घरी जायची घाई आहे. आपल्याकडचा एमबीबीएस झालेला कुठलाही मुलगा त्याला सांगेल, झोप नीट घ्या, दारू टाळा, न्यूरोलॉजिस्टला दाखवा. ब्रिटनमध्ये डॉक्टर होऊ पाहणारा एवढ्यावर थांबला तर त्याचे गुण गेलेच म्हणून समजा. आजपासून गाडी चालवायची नाही आणि लायसन्स देणाऱ्या डीव्हीएलए या खात्याला तुम्ही स्वतः कळवायचं, हे तिथे डॉक्टरने सांगावंच लागतं. हे ऐकून रुग्ण भडकतो. ‘मग माझं घर कोण चालवणार?’ खरी परीक्षा तिथून सुरू होते. रुग्ण म्हणजे मानधनावर आलेला नट, बाजूला गुण देणारा परीक्षक आणि हातात एकूण आठ मिनिटं.

अशा धाटणीचे सोळा प्रसंग एका दिवसात पार पाडायचे, ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीच्या ‘प्लॅब’ परीक्षेची दुसरी पायरी. ती फक्त मँचेस्टरमध्ये होते. त्यामुळे विमानाचं तिकीट, व्हिसा, तिथलं राहणं आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथल्या क्लासची फी असा सगळा खर्च नोकरीचा पत्ता नसताना करावा लागतो. पहिली पायरी त्या मानाने ओळखीची आहे. तीन तास, १८० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. ती मुंबईतही देता येते. नीट-पीजीसाठी घासलेल्या मुलांना तिचं फारसं भय वाटत नाही. सवय मोडावी लागते ती वेगळ्याच गोष्टीची. पुस्तकात काय लिहिलंय त्यापेक्षा तिथल्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं काय म्हणतात, ते उत्तर बरोबर.

ही परीक्षा घेणारी आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिल, अर्थात जीएमसी. १८५८च्या कायद्याने ती जन्माला आली. भारतीय पदव्यांशी तिचं नातं कायम धरसोडीचं राहिलं आहे. प्रसूतिशास्त्राचं प्रशिक्षण अपुरं आहे असं म्हणत १९३० साली तिने इथल्या पदव्यांची मान्यता थांबवली. त्यातूनच १९३३चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला आणि पुढे मान्यता परत मिळाली. १९४८मध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यावर ब्रिटनला डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा भारतातून गेलेल्यांना थेट कामावर घेतलं गेलं. वेल्समधल्या खाणींच्या गावांत, उत्तरेतल्या कारखान्यांच्या शहरांत आणि वृद्धांच्या वॉर्डांत, जिथे तिथल्या डॉक्टरांना जायचं नव्हतं, तिथे आपले डॉक्टर आयुष्यभर राहिले. १९७५मध्ये मेरिसन समितीने परदेशी डॉक्टरांच्या दर्जावर बोट ठेवलं. त्याच वर्षी भारतीय पदवीची थेट मान्यता गेली आणि परीक्षा आली. आजची प्लॅब हे तिचंच पुढचं रूप. ज्यांच्या खांद्यावर आरोग्यसेवा उभी राहिली, त्यांच्यावरच संशय घेतला गेला, ही जखम त्या पिढीच्या मनात राहिली. पण खरं सांगायचं तर परीक्षा असणं मला चुकीचं वाटत नाही. परदेशात एमबीबीएस करून परतलेल्या आपल्याच मुलांची परीक्षा आपणही घेतोच.

परीक्षेच्या आधी इंग्रजी सिद्ध करावं लागतं. आयईएल्टीएसमध्ये एकूण साडेसात आणि चारही भागांत किमान सात, तेही एकाच बैठकीत. नाहीतर डॉक्टरांसाठीच्या ‘ओईटी’मध्ये प्रत्येक भागात ‘बी’ श्रेणी. साडेपाच वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचलेल्याला हा अपमान वाटतो. इंग्रजीतून शिक्षण झालं असेल तर सूट आहे, पण तिच्यात एक अट आहे: शिकताना रुग्ण, नातेवाईक आणि सहकारी यांच्याशी झालेल्या संवादापैकी किमान ७५ टक्के इंग्रजीत झालेला असावा. ससूनच्या किंवा मिरजेच्या वॉर्डात ‘मावशी, कुठं दुखतंय?’ असं विचारत शिकलेल्याला ही सूट कशी मिळणार?

भाषेपेक्षाही अवघड जाते ती वागण्याची रीत. आपल्याकडे कॅन्सरचं निदान आधी मुलाला कळतं, मग जावयाला आणि बऱ्याचदा रुग्णाला शेवटपर्यंत नाही. ‘डॉक्टर, बाबांना सांगू नका’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा डॉक्टर महाराष्ट्रात सापडायचा नाही. ब्रिटनमध्ये माहिती रुग्णाची. त्याच्या परवानगीशिवाय मुलालाही सांगता येत नाही. सोळा वर्षांखालची मुलगी गर्भनिरोधक मागायला आली आणि तिला त्यातलं सगळं समजतंय असं दिसलं, तर पालकांना न कळवताही डॉक्टर ते देऊ शकतो. हा नियम १९८५च्या गिलिक खटल्यातून आला. आपल्या डॉक्टरला हे पटेलच असं नाही, पण त्याला ते न अडखळता करून दाखवावं लागतं. ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशाची भीती वाटते, आमच्याकडून काय अपेक्षा आहे?’ हे तीन प्रश्न रुग्णाला विचारायचे असतात. क्लासवाले ते मंत्रासारखे पाठ करून घेतात आणि पाठ केलेलं बोलणं परीक्षकाला पहिल्या मिनिटात कळतं.

प्लॅब हा एकच रस्ता नाही. एमआरसीपीसारखी तिथल्या रॉयल कॉलेजची पदव्युत्तर परीक्षा पूर्ण केलेल्याला प्लॅब द्यावी लागत नाही. पदवी आणि इंटर्नशिपच्या कागदांची खातरजमा मात्र सगळ्यांचीच होते. भारतातली बारा महिन्यांची इंटर्नशिप तिथे धरली जाते, म्हणून आपल्या मुलांना जीएमसीकडे पूर्ण नोंदणी मिळू शकते.

नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे. क्लासच्या जाहिरातींत हे वाक्य दिसत नाही. नोंदणी झाली की नाव यादीत येतं, पगार येत नाही. २०१९च्या शेवटी ब्रिटनने सगळ्या डॉक्टरांना तुटवडा असलेल्या व्यवसायांच्या यादीत घातल्यावर परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी पहिल्या फेरीतच तिथल्यांच्या बरोबरीने उभं राहता आलं आणि अर्जांचा पूर लोटला. २०२५मध्ये सुमारे १० हजार जागांसाठी ३० हजारांवर अर्जदार होते. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने आपल्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत, ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य देऊ असं जाहीर केलं. प्लॅब झालेले कितीतरी जण प्रशिक्षणाबाहेरच्या कंत्राटी जागांसाठी महिनोन्‌महिने अर्ज करत बसतात, काही जण बिनपगारी निरीक्षक म्हणून वॉर्डात उभे राहतात. परीक्षा घेणाऱ्या देशाने जागांचं चित्रही तितक्याच स्पष्टपणे आधी समोर ठेवायला हवं. ती जबाबदारी तो देश टाळतो आहे, असं माझं मत आहे.

तोवर हे काम आपल्यालाच करावं लागेल. कोणत्या विषयात किती जागा आणि किती अर्ज, हे आकडे एनएचएस दरवर्षी जाहीर करते. घरात कुणी प्लॅबचा विचार करत असेल, तर क्लासची फी भरण्याआधी त्याला हव्या त्या विषयाची ओळ तेवढी काढून बघा.