हवानाचे वाफे

गच्चीवरच्या भाजीचा विषय निघाला की क्यूबाचा दाखला हमखास येतो. संकट आले, लोकांनी कुदळी उचलल्या आणि शहर आपले पोट आपण भरू लागले, अशी ती कथा. मीही ती बरीच वर्षे तशीच सांगत आलो.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि साखरेच्या बदल्यात क्यूबाला मिळणारे खनिज तेल, खते, यंत्रांचे सुटे भाग आटले. त्या हलाखीला सरकारने ‘विशेष काळ’ असे सभ्य नाव दिले. १९९२-९३ मध्ये ५० हजारांहून अधिक माणसांची नजर अधू झाली किंवा हातपाय बधिर झाले. मुख्य कारण निकस आहार. अखेर साऱ्या देशाला जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटाव्या लागल्या. कथेत हे येत नाही.

डिझेल नसल्याने खेड्यातली भाजी शहरात पोचेना. म्हणून ती घराशेजारी पिकवणे भाग पडले. मातीविना शेतीसाठी बांधलेले लांब हौद होते, पण त्यांत घालायची रसायने मिळेनात. मग त्यांतच माती आणि कुजलेले खत भरले. नावही तसेच घडले : हिद्रोपोनिकोचे ओर्गानोपोनिको. पुढे पडक्या इमारतींच्या जागी, उकिरड्यांवर, विटा-पत्र्यांच्या कडा लावून असे वाफे उभे राहिले. खाली राबिट असले तरी चाले, कारण माती वरून आणलेली. वाफ्यांच्या टोकांना झेंडू, किडीवर कडुनिंब (हो, आपलाच). विक्री बागेच्या दारातच.

मला मात्र यातली खरी गोष्ट जमिनीची वाटते. मालकी सरकारची, पण पिकवणाऱ्याला ती विनामूल्य कसायला मिळाली. ‘कसेल त्याची जमीन’ इतके हे नव्हते. पिकवत आहात तोवर वहिवाट तुमची, एवढेच. पण तेवढ्याने फरक पडतो. उकिरड्याची माती करायला काही वर्षे खत घालावे लागते आणि उद्या उठवतील या धास्तीत ते कोणी घालत नाही. आपल्याकडे सोसायटीच्या मोकळ्या तुकड्यावर उत्साहाने लावलेली मेथी पुढच्या वर्षी वाहनतळाखाली जाते, तेव्हा दोष लोकांच्या आळसाला दिला जातो.

हवानाजवळच्या अलामार वसाहतीत १९९७ मध्ये सुरू झालेली सहकारी बाग जगभर गाजली. तिथून ताजी पालेभाजी घेणारी बाई तांदळासाठी मात्र १९६२ पासून चालत आलेली शिधापुस्तिका घेऊनच दुकानात जाई. आणि त्या तांदळातला मोठा वाटा जहाजाने आलेला असे.