परसातली भट्टी

निवृत्त बँक अधिकाऱ्यानं काय करावं याची आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जावं, सोसायटीचे हिशेब तपासून द्यावेत, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडावं. मी कादंबऱ्या लिहितो हे ज्यांना माहीत आहे ते ‘आता काय, पूर्ण वेळ लेखन!’ असं म्हणून मोकळे होतात. २०२० साली, ऐन टाळेबंदीत, मी निवृत्त झालो. दोन वर्षं खरंच पूर्ण वेळ लेखन केलं. आणि २०२२च्या दिवाळीनंतर एका दुपारी रिक्षातून अकरा किलो भंगार घेऊन घरी आलो.

‘अहो, लोक भंगार विकतात. तुम्ही विकत आणलंत?’ असं बायकोनं विचारलं. प्रश्न रास्त होता.

झालं होतं असं की, मी एका ओतकाम कारखानदारावर कादंबरी लिहायला घेतली होती. कोल्हापुरात राहायचं आणि फाउंड्रीवर लिहायचं नाही, हे मला बरेच दिवस खात होतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, आमचं जुनं उद्यमनगर. ऊसशेतीच्या इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत काय काय या गावानं वाळूत ओतलं आहे! शिवाय नोकरीतली कित्येक वर्षं मी याच लोकांना कर्जं दिली होती. पण साठेक पानं झाल्यावर लक्षात आलं की माझा नायक भट्टीजवळ जातच नाही. तो सारखा बँकेत येऊन बसतो. कारण मला फाउंड्रीचा ताळेबंद माहीत होता, फाउंड्री माहीत नव्हती. कागदपत्रं तपासायला अनेकदा गेलो असेन, पण वाळू हातात घेतल्याचं आठवत नाही. शर्टाला काळं लागू नये म्हणून जपल्याचं मात्र आठवतं.

तेव्हा म्हटलं, निदान मूठभर धातू स्वतः वितळवून पाहावा.

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतल्या एका भंगाराच्या दुकानात गेलो. काट्याजवळ सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ स्टुलावर बसून जुन्या नळांची तोट्यांपासून फारकत करत होते. मी ‘ॲल्युमिनियम हवं आहे’ म्हटल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि जरा वेळानं म्हणाले, ‘बँकेचे साहेब न्हवं तुम्ही?’

मीही त्यांना ओळखलं. न ओळखण्याचा प्रयत्न केला, पण ओळखलं.

१९९४ साली आमच्या शाखेनं या मेस्त्रींच्या छोट्या फाउंड्रीचा लिलाव केला होता. कर्ज एक लाख साठ हजारांचं, हप्ते दीड वर्ष थकलेले. नोटिसा नियमाप्रमाणे गेल्या होत्या. मालाची यादी मी केली होती. मोल्डिंगच्या पेट्या, भट्टी, पंखा, वजनकाटा, सगळ्याची किंमत भंगाराच्या भावानं धरली. शेवटी एका मांडणीवर लाकडी वस्तू रचून ठेवल्या होत्या. गोल, चौकोनी, पंख असलेल्या, लाल रंग दिलेल्या. मोजून यादीत लिहिलं: लाकडी साचे, नग ४३, किंमत शून्य.

हे सगळं मला त्या स्टुलापुढे उभं असताना आठवत होतं. मेस्त्री एवढंच म्हणाले, ‘कशाला पायजे ॲल्युमिनियम?’ मी सांगितलं. ते हसले नाहीत. उठले आणि ढिगातून माल काढून द्यायला लागले.

भंगार ओळखणं ही पहिली विद्या. ती मला त्या दुकानात फुकट मिळाली. खिशात चुंबक ठेवायचं. ते चिकटलं की लोखंड, बाजूला. मग हातात घेऊन जोखायचं. ॲल्युमिनियम हलकं. तसंच दिसणारं पण हाताला भार देणारं असेल तर ते बहुधा जस्ताचं, स्वस्तातल्या तोट्यांत आणि कड्या-कुलपांत असतं तसलं. चकचकीत मुलाम्याखाली काय आहे ते बघायला कानशीचा एक फटका मारायचा; पिवळं निघालं तर पितळ, लालसर निघालं तर तांबं. आणि ॲल्युमिनियम म्हणजे सगळं एक असंही नाही. खेडोपाडी ज्याला आपण जर्मनची भांडी म्हणतो त्यांचा पत्रा ठोकून-दाबून आकार द्यायला चांगला, पण ओतायला आळशी. ओतायला हवेत स्कूटरचे जुने पिस्टन, इंजिनाची कव्हरं, गिअरबॉक्सचे तुकडे. ते मुळात ओतलेले असतात, त्यांत सिलिकॉन असतं, त्यामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातो. मी हौसेनं शीतपेयांचे दोन किलो रिकामे डबे जमवले होते. त्यांतून जेमतेम सव्वा किलो धातू हाती आला, बाकीची मळी. पातळ पत्रा वितळण्याआधी जळतोच जास्त.

काय घ्यायचं नाही, हेही मेस्त्रींनी तितक्याच नेमकेपणानं सांगितलं. बॅटरीतलं शिसं घरात आणायचं नाही. त्याचं विष अंगात साठतं आणि लहान मुलांना सर्वांत आधी बाधतं. शॉकॲब्सॉर्बरसारखी दोन्ही तोंडं बंद असलेली कुठलीही नळी भट्टीत घालायची नाही, ती बॉम्बसारखी फुटते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, पाइप नकोत. पितळेतही जस्त असतंच, ते जास्त तापलं की पांढरा धूर सुटतो. तो छातीत गेला तर रात्री हिवताप भरल्यासारखी थंडी वाजते. म्हणून पितळेच्या वाट्याला मी अजून गेलेलो नाही. आणि रेल्वेचा माल दिसला तर हातसुद्धा लावायचा नाही. त्यासाठी १९६६चा स्वतंत्र कायदा आहे. बाळगणाऱ्यालाच जाब द्यावा लागतो. हे मात्र मला आधीपासून माहीत होतं. बँकेत काहीतरी शिकलोच की!

या धंद्यातला एक शब्द माझ्या फार ओळखीचा. मोड. आम्ही मूळचे माण तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आईनं तिच्या माहेरचा पितळी हंडा म्हसवडच्या बाजारात विकायला नेला तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदारानं हंडा उलटसुलट पाहिला, काट्यावर ठेवण्याआधी घणाचे तीन-चार घाव घालून चपटा केला आणि मग तोलला. भांडं म्हणून नव्हे, मोड म्हणून घेतोय, हे आईला कळावं एवढ्यासाठी तो असं करत असावा. किंवा पोत्यात मावावं म्हणूनही असेल. आई काही बोलली नाही. येताना एस.टी.त तिनं पैसे दोनदा मोजले.

असो. भट्टीकडे वळू.

भट्टी म्हटल्यावर घाबरायला होतं, पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तांब्याला १०८५ लागतात आणि बिडाला त्याहून जास्त. म्हणून नवशिक्यानं ॲल्युमिनियमच धरावं. मी पत्र्याचा एक जुना पिंप घेतला, आतून भट्टीच्या विटा आणि अग्निमातीचा जाड थर दिला, खाली एक नळी बसवली. नळीला कल्हईवाल्यांकडे असतो तसला हातानं फिरवायचा पंखा. इंधन लोणारी कोळसा. आत ग्राफाइटची सहा नंबरची मूस. मुशीचा नंबर म्हणजे साधारण तितके किलो पितळ. ॲल्युमिनियम हलकं, त्यामुळे वजनानं त्याच्या तिसरा हिस्साच मावतो. माझ्या अकरा किलोंसाठी ही मूस कितीदा भरावी लागेल याचा हिशेब मी आधी केला नव्हता.

पहिल्या दिवशी मेस्त्री येणार होते, पण मला धीर निघाला नाही. कोळसा पेटवला, पंखा फिरवला, वीस-पंचवीस मिनिटांत मुशीतले पिस्टन मऊ होऊन बसायला लागले. तो क्षण सांगता येत नाही. कडक म्हणून आयुष्यभर ओळखलेली वस्तू खिरीसारखी हलते. त्याच आनंदात मी बादलीजवळ पडलेला आणखी एक तुकडा चिमट्यानं उचलून आत सोडला. तो ओला होता.

पाण्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगतं, हे शाळेत शिकलेलो असतो. रसाखाली गेलेल्या चमचाभर पाण्याचं काय होतं ते मी पाहिलं. फट् असा आवाज झाला, मुशीतला निम्मा रस कारंज्यासारखा उडाला, न्हाणीघराच्या सिमेंटच्या पत्र्याला खालून चिकटला. एक थेंब माझ्या बुटाच्या नाडीवर पडला आणि नाडी जाळून चामड्यावर थांबला. चामड्याचे बूट, सुती पँट, डोळ्यांवर जाड चष्मा, एवढं तरी मी मेस्त्रींचं ऐकलं होतं. चप्पल घालून उभा असतो तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या पानावर लिहिला असता. नातू त्या वेळी शाळेत होता. त्यानंतर भट्टी पेटलेली असताना परसाच्या दाराला आतून कडी असते.

मेस्त्री संध्याकाळी आले, पत्र्याकडे बघितलं. ‘साहेब, वल्लं काय बी आत जाता कामा नये. तुकडा आधी भट्टीच्या कडेवर शेकायचा. पळीबी शेकायची. फरशीवर वाळू टाका, सिमेंटात बी पाणी असतंय.’ आणि मग दुसरी गोष्ट सांगितली, जी मला अजून भीतीदायक वाटते. लोखंड तापलं की लाल होतं, ते सांगतं की मी तापलोय. ॲल्युमिनियम दिवसाउजेडी सांगत नाही. वितळलेलंही चांदीसारखं शांत दिसतं, आणि पाच मिनिटांपूर्वी ओतलेली वडी पन्नास वर्षांपूर्वीच्या वडीसारखीच दिसते. हाताला फोड आल्यावरच फरक समजतो.

पुढचे काही महिने मेस्त्री दर रविवारी येत राहिले. वाळू त्यांनी शिकवली. बारीक रेती, त्यात दहावा हिस्सा बेंटोनाइट माती आणि अगदी बेताचं पाणी. मुटका करायचा आणि मधोमध मोडायचा. स्वच्छ दोन तुकडे झाले तर वाळू तयार, भुगा झाला तर कोरडी, बोटांना चिकटली तर ओली. या एका मुटक्यासाठी मला तीन रविवार लागले. रस फार तापवू नये, तो हवेतल्या दमटपणातून वायू पितो आणि मग ओतलेल्या वस्तूत टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. माझा पहिला पेपरवेट आतून पाव निघाला.

पण खरं शिक्षण झालं ते साच्याच्या लाकडाचं. साधी वाटोळी वस्तू ओतायची तर आधी लाकडात घडवायची, हे मला माहीत होतं. ती जशी हवी तशी घडवून चालत नाही, हे माहीत नव्हतं. वाळूतून वर उचलताना कडा ढासळू नये म्हणून बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. धातू थिजताना आकसतो, म्हणून लाकूड तेवढं मोठं करावं लागतं. बिडाला मीटरमागे दहा मिलिमीटर, ॲल्युमिनियमला तेरा. जिथे पुढे लेथवर घासायचं असेल तिथे आणखी जाडी सोडायची. साचे करणाऱ्या सुताराकडे याकरिता वेगळी मोजपट्टी असते, तिच्यावरचा सेंटिमीटर आपल्या सेंटिमीटरपेक्षा मोठा असतो. मी एका कडीचा साचा करायला बसलो. दोन आठवडे गेले, सागाचे दोन तुकडे वाया गेले, आणि तो वाळूतून निघताना निम्मी वाळू घेऊन निघाला.

त्या रात्री मला तीन झोपेच्या गोळ्यांनीही झोप आली नसती. नग ४३, किंमत शून्य. भट्टी परत बांधता येते. पेट्या परत मिळतात. त्या मांडणीवर त्या माणसाची पंधरा वर्षं रचून ठेवलेली होती आणि मी ती मोजली होती, फक्त वाचली नव्हती. भंगारवाल्यानं ते लाकूड बहुधा बंबात घातलं असेल. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगरांसाठी दिल्या, असं आमच्याकडे अभिमानानं सांगतात. माझ्या हातून झालं ते त्याच्या नेमकं उलट.

पुढच्या रविवारी मी मेस्त्रींना तसं सांगितलं. शब्द नीट जुळवून ठेवले होते, पण ते ऐनवेळी आले नाहीत. म्हटलं, ‘तुमच्या साच्यांना मी शून्य लिहिलं होतं.’

‘ठाऊक हाय,’ ते म्हणाले. ‘यादीची कापी मलाबी दिलती की.’ आणि पंखा फिरवत राहिले.

त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. लाल रंगाचा, सागवानी, थाळीएवढा गोल साचा. पंपाचं मागचं कव्हर. रंग टवके उडालेला, पण कड अजून धारदार.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी खात्याला कधी कळवली नव्हती. लिलावानंतर माल ताब्यात देताना लाकडी साचे ४२च भरले होते. एक कमी आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. पण किंमत शून्य, म्हणजे तफावतही शून्य, असा विचार करून मी सही केली होती.

‘लिलावाच्या आदल्या रातीला न्हेला,’ मेस्त्री म्हणाले. ‘पयला केलेला होता.’

त्या दिवशी वाळू त्यांनी भरली. मी पंखा फिरवला, तुकडे शेकून घातले, मळी काढली. ओतायची वेळ आली तेव्हा त्यांनी मूस माझ्या हातात दिली. एका दमात, न थांबता, भोक भरून वर येईपर्यंत ओतलं. अर्ध्या तासानं पेटी फोडली, वाळू झटकली. कव्हर आलं होतं, पूर्ण, सगळ्या कडांसकट. मी खूष होऊन बायकोला हाक मारली.

मेस्त्रींनी खिशातून कॅलिपर काढला, वस्तू पूर्ण थंड होईपर्यंत थांबले आणि मग दोन ठिकाणी मोजलं.

‘अर्धा मिलिमीटर बारीक,’ ते म्हणाले. ‘बिडाचा साचा हाय हा. ॲल्युमिनियमला चालायचा न्हाई. नवा करायला लागंल.’

मी सागाचा तुकडा आणायला आत गेलो.