तंजावरला मुलांना घेऊन जाताय? मग हे चुकवू नका

आमच्या मोडी लिपीच्या वर्गातली कॉलेजची मुलं सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी तंजावरला गेली होती, सोबत मीही होतो. यजमान तमिळ विद्यार्थ्यांनी बृहदीश्वर मंदिर दाखवलं. राजराज चोळानं बांधलेलं, इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण झालेलं.

सगळे विमानाचे फोटो काढतात (देवळाच्या शिखराला तिथे विमान म्हणतात). काढाच. पण नंतर प्राकाराच्या (देवळाभोवतीच्या आवाराच्या) नैऋत्य बाजूला जा. तिथे भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय, तोही देवनागरीत! काळ १८०३, तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांचा.

शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी इथली गादी स्थापली. सरफोजींनी छापखाना काढला, त्यात इसापनीतीचं मराठी पुस्तक छापलं. सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, संस्कृत, तेलुगू हस्तलिखितांसोबत मराठी पोथ्या आणि मोडी कागदही आहेत.

आमच्या मुलांनी तमिळ मुलांना मोडीत नावं लिहून दिली, त्यांनी आमची तमिळमध्ये. 'ळ' दोन्हीकडे असल्यानं आमच्यातले कांबळे खूश!

प्राकारात अनवाणी फिरावं लागतं, दुपारी दगड भाजतात. सकाळीच जा.

मोडी किंवा प्रवासाबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा.