ई-केवायसी करताना घरचे इंटरनेट तुटते? बिघाड नेमका कुठे आहे ते आधी ओळखा

पीएम-किसानची ई-केवायसी, निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे आता घरी बसून मोबाइलवर करता येतात. मात्र आधार क्रमांक भरून झाला की पान फिरत राहते, ओटीपी येत नाही आणि थोड्या वेळाने मुदत संपल्याचा संदेश दिसतो, असा अनुभव अनेक लाभार्थ्यांना येतो. अशा वेळी बहुतेक जण तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरत बसतात. त्याऐवजी पाच-दहा मिनिटे थांबून अडचण मोबाइलच्या नेटवर्कची आहे, बाहेरून येणाऱ्या लाइनची आहे, घरातल्या वायफायची आहे की संकेतस्थळाची आहे, हे पाहा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

ओटीपी येत नसेल तर

आधारचा ओटीपी मोबाइलवर एसएमएसने येतो. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे ओटीपी येत नाही म्हणून राउटर बंद-चालू करण्याचा काही उपयोग होत नाही. आधारशी जोडलेला क्रमांक ज्या सिमचा आहे, त्या सिमला रेंज आहे का ते पाहा. घराच्या ज्या कोपऱ्यात वायफाय चांगले मिळते तिथे टॉवरची रेंज मिळेलच असे नाही. दारात किंवा गच्चीवर जाऊन पाहा. रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाले असतील तर येणारे एसएमएसही बंद झालेले असू शकतात. ओटीपी 10 मिनिटे चालतो. दोन-तीनदा मागवला असेल तर सर्वांत शेवटी आलेलाच भरा.

आपला कोणता क्रमांक आधारशी जोडलेला आहे याबद्दल शंका असल्यास ‘माय आधार’ संकेतस्थळावर खात्री करून घ्या. मुलाने सिम बदलून दिले आणि आधारला जुनाच क्रमांक राहिला, हे घरोघरी घडते.

पेटीवरील दिवे काय सांगतात?

भारतनेटच्या किंवा खासगी कंपनीच्या फायबरवर घरी जोडणी असेल, तर भिंतीवरच्या पेटीवर लहान दिवे असतात. त्यातला ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. वायर खांबावर तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा कपाट सरकवताना मुडपली गेली असेल. घरातला भाग तेवढा तपासा. फायबर ही काचेची बारीक तार आहे, तांब्याच्या वायरीसारखी ती पिळून जोडता येत नाही. मुडपली असेल तर अलगद सरळ करा. टोक काढून त्यात डोळा लावून पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लाल दिवा तरीही गेला नाही तर घरी करण्यासारखे काही उरत नाही, थेट तक्रार नोंदवा.

लाल दिवा नसेल आणि नेट येत-जात असेल, तर पेटीचे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करा आणि दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मात्र टाचणीने दाबायचे ‘रीसेट’चे छिद्र दाबू नका. त्याने पेटीत भरलेली जोडणीची माहिती पुसली जाते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत नेट पूर्ण बंद राहते.

दिवे ठीक, तरीही पान उघडत नाही

पेटीजवळ उभे राहून पाहा. तिथे चालते आणि आतल्या खोलीत चालत नाही, तर अडचण वायफायची आहे. मोबाइलवर दोन नावे दिसत असतील तर लांबच्या खोलीत 2.4 गिगाहर्ट्झचे निवडा. ते वेगाने कमी असले तरी भिंतीपलीकडे अधिक पोहोचते, आणि अर्ज भरायला फार वेग लागत नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ते पान उघडते का, हेही पाहा. दोन्हीकडे इतर संकेतस्थळे उघडतात आणि हेच उघडत नसेल, तर गर्दी त्या संकेतस्थळावर आहे. शेवटच्या तारखेला असे हमखास होते. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा. व्हीपीएन सुरू असेल तर बंद ठेवा, कारण काही सरकारी संकेतस्थळे ते चालू असताना उघडत नाहीत.

‘सबमिट’ दाबल्यावर नेट गेले असेल तर पुन्हा अर्ज भरण्याआधी ‘स्थिती’ पाहा. अनेकदा अर्ज पोहोचलेला असतो, फक्त पावती दिसलेली नसते. पैसे भरायचे असतील तर हे विशेष पाळा.

तक्रार कुठे करावी?

प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. गावातल्या लाइनमनला तोंडी सांगितल्याने तक्रार नोंदली जात नाही. ट्रायच्या 2024 च्या नियमांनुसार घरच्या लाइनवरील बिघाड तीन दिवसांत दूर झाला नाही, तर ग्राहकाला भाड्यात सूट मिळण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी बिघाड कधी कळवला याची नोंद लागते. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि निर्णय 39 दिवसांत द्यायचा असतो. त्यानंतर दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स संकेतस्थळावर तक्रार करता येते.

नेट दुरुस्त करून देतो म्हणून कोणी फोन केला आणि स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावले, तर फोन ठेवा. पैसे गेले असल्यास ताबडतोब 1930 वर कळवा.

दुरुस्ती होईपर्यंत काम अडवून ठेवू नका

पीएम-किसानची ई-केवायसी सामायिक सेवा केंद्रात बोटाच्या ठशाने होते, तसेच योजनेच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवूनही होते. शेजाऱ्याच्या मोबाइलचे नेट घेऊन आपल्या मोबाइलवर केली तरी चालते. मुदत हुकून 2,000 रुपयांचा हप्ता थांबला असेल, तर अटींची पूर्तता झाल्यावर देय असलेले हप्ते मिळतात. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला ऑनलाइन देणे जमले नाही, तर बँकेत स्वतः जाऊन कागदी दाखला देता येतो. पोस्टमनला घरी बोलावून डिजिटल दाखला करून घेण्याचीही सोय आहे, त्यासाठी जवळच्या टपाल कार्यालयात विचारा.